आयताच्या उदाहरणांविषयी

आपल्या खेड्यांतील पुष्कळ मुले जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहाव्या इयत्तेसाठी प्रवेशपरीक्षेस बसतात. तेथील निदान शेकडा ७५ जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत. परंतु ह्या परीक्षेस मुलाला एकदाच बसता येते. दोन तासांत ८० प्रश्न सोडवावयाचे, त्यांपैकी २० अंकगणिताचे. जे गणित मुलास येते ते घाईने चुकू नये, एवढ्यासाठी आम्ही आज आयताविषयी थोडे लिहितो.

प्रथम हे ध्यानात धरावे की, परिमिती आणि क्षेत्रफळ ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. शेताला कुंपण घालावयाचे तर परिमिती पाहिजे. ते नांगरावयाचे तर क्षेत्रफळ पाहिजे. ६० मीटर दोरीने २९ मीटर लांब व १ मीटर रुंद पट्टा वेढला, तर आत २९ चौरस मीटर जमीन येते. त्याच दोरीने १५ मीटर बाजूचा चौरस वेढला, तर २२५ चौरस मीटर येते. दोरी तीच, पण जमीन सुमारे पावणेआठपट!

आता एक उदाहरण घेऊ. एका आयताकृती बागेची लांबी रुंदीच्या दुप्पट असून परिमिती ६० मीटर आहे, तर क्षेत्रफळ किती? कित्येक मुले रुंदीचा एक भाग व लांबीचे दोन, असे तीनच भाग धरून रुंदी २० काढतात. ही चूक होय. आयताला बाजू चार, म्हणून भाग सहा झाले. रुंदी १० मीटर, लांबी २० मीटर, आणि क्षेत्रफळ २०० चौरस मीटर.

ह्याच बागेत कडेने सभोवार १ मीटर रुंदीची वाट सोडली, तर वाटेचे क्षेत्रफळ किती? वाट दोन्ही अंगांस आहे; तेव्हा लांबीतून व रुंदीतून १ नव्हे, २ वजा करावे. आतील जागा १८ गुणिले ८, म्हणजे १४४. म्हणून वाट ५६ चौरस मीटर. जो १ च वजा करील त्यास २९ हे उत्तर मिळेल, आणि कदाचित तेही पर्यायांत छापलेले असेल. म्हणून पर्यायांत उत्तर सापडले, एवढ्यावरून ते खरे मानू नये.

तर प्रथम आकृती काढावी, चारी बाजूंवर मापे लिहावी, आणि शेवटी ताळा पाहावा. घरी अंगणात चार खुंट्या व दोरी घेऊन हा पाठ करून घ्यावा. ज्या आईबापांस लिहितावाचता येत नाही, त्यांनाही तो देता येईल. शेताचा बांध त्यांनी आपल्या पावलांनी मोजलेलाच आहे.