प्राण्यांची साक्ष: व्यसनमुक्तीच्या औषधांची प्रयोगशाळेतील परीक्षा

चेन्नई शहरात, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, १९९० नंतरच्या काही वर्षांत एक विलक्षण स्थित्यंतर घडून आले. गर्दच्या, म्हणजे अशुद्ध हेरॉइनच्या, आहारी गेलेल्या अनेकांनी गर्द ओढण्याचे सोडून एका औषधाची इंजेक्शने घेण्यास सुरुवात केली. हे औषध म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन. वेदनाशामक म्हणून ते औषधांच्या दुकानांत उपलब्ध होते आणि त्याची नशाही येत असे. नवल असे, की त्याच काळात पाश्चात्त्य देशांतील संशोधक हेच द्रव्य हेरॉइनच्या व्यसनावरील उपचार म्हणून पुढे आणीत होते. जे द्रव्य एका ठिकाणी औषध ठरते, तेच दुसऱ्या ठिकाणी व्यसन कसे बनते? माणसांच्या हाती देण्यापूर्वी प्राण्यांवर त्याची परीक्षा झाली होती. मग हा धोका तेथे दिसला नव्हता काय? प्रस्तुत प्रकरणात आपण या प्रश्नांचा विचार करू.

व्यसन मोजावे कसे?

उंदीर किंवा माकड आपली तलफ शब्दांत सांगू शकत नाही. म्हणून संशोधकाला त्याच्या वर्तनावरून अनुमान करावे लागते. या अनुमानाच्या तीन प्रमुख पद्धती आहेत आणि त्यांतील प्रत्येक पद्धत एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते.

पहिला प्रश्न शरीराचा आहे. एखाद्या प्राण्याला काही दिवस सतत मॉर्फिन देऊन ते एकाएकी बंद केले, तर त्याचे शरीर बंड करून उठते. उंदीर पाण्यात भिजलेल्या कुत्र्याप्रमाणे अंग झाडतो, त्याला जुलाब होतात, त्याचे वजन घटते. या लक्षणांना वियोगलक्षणे म्हणतात. नवे औषध दिल्यावर ही लक्षणे ओसरली, तर ते अफूवर्गातील द्रव्याची जागा घेऊ शकते असे समजावयाचे. अमेरिकेतील केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथील संशोधन केंद्रात कुत्र्यांवर आणि मिशिगन विद्यापीठात माकडांवर अनेक वर्षे अशा चाचण्या चालत असत.

परंतु वियोगलक्षणे म्हणजे व्यसन नव्हे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे मॉर्फिन घेतलेल्या रुग्णालाही ते बंद होताच त्रास होतो. तथापि घरी गेल्यावर तो मॉर्फिनच्या शोधात हिंडत नाही. व्यसनाचे मर्म या शोधात आहे. म्हणून दुसरा प्रश्न इच्छेचा: प्राणी ते द्रव्य आपण होऊन घेईल काय? या प्रश्नाला १९६२ साली जेम्स वीक्स या संशोधकाने एक कल्पक उत्तर शोधले. त्याने उंदराच्या शिरेत एक बारीक नळी बसवून ती पिंजऱ्याबाहेरील यंत्राला जोडली. उंदीर पिंजऱ्यात मोकळा फिरू शकत असे. त्याने एक तरफ दाबली की मॉर्फिनची ठराविक मात्रा त्याच्या रक्तात जाई. मॉर्फिनची सवय जडलेले उंदीर ही तरफ पुनःपुन्हा दाबू लागले. मात्रा कमी केली की ते अधिक वेळा दाबत. पुढे माकडांवरही याच पद्धतीचे प्रयोग झाले. या पद्धतीला स्वयंग्रहण म्हणतात. माणसे ज्या द्रव्यांच्या आहारी जातात, त्यांपैकी बहुतेक द्रव्ये प्राणीही स्वतः होऊन घेतात, हे या पद्धतीने दाखवून दिले. म्हणूनच नवे वेदनाशामक बाजारात येण्यापूर्वी त्याची व्यसनक्षमता पारखण्यासाठी आजही हीच कसोटी वापरली जाते. एका मात्रेसाठी प्राणी किती वेळा तरफ दाबावयास तयार होतो, हे मोजून त्या द्रव्याची ओढही अजमावता येते.

तिसरा प्रश्न पुनरावर्तनाचा आहे. व्यसन सोडणे एक वेळ जमते. सोडलेले राखणे कठीण. प्राण्याची तरफ दाबण्याची सवय आधी मोडावयाची. तरफ दाबूनही काही मिळत नाही असे कळले की तो ती दाबणे थांबवितो. त्यानंतर त्याला द्रव्याची एक लहानशी मात्रा दिली, द्रव्याशी जोडलेला दिवा पुन्हा लावला, अथवा पायांना सौम्य विजेचा धक्का दिला, तर तो पुन्हा तरफेकडे धावतो. एका चवीने, जुन्या जागेच्या दर्शनाने किंवा मनस्तापाने माणूस पुन्हा व्यसनाकडे वळतो, त्याचेच हे प्रतिरूप होय.

एका औषधाची दोन अंगे

आता ब्युप्रेनॉर्फिनकडे वळू. इंग्लंडमधील रेकिट अँड कोलमन या कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६६ साली ते प्रथम तयार झाले. ते ज्या थिबेनपासून बनवितात, तेही खसखशीच्या झाडातूनच मिळते. मेंदूतील ज्या ग्राहींवर मॉर्फिन काम करते, त्यांनाच ब्युप्रेनॉर्फिन चिकटते आणि अतिशय घट्ट चिकटते. परंतु ते त्यांना अर्धवटच चेतविते. कुलपात किल्ली बसावी, अर्धी फिरावी आणि निघू नये, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे वियोगलक्षणे शमतात, हेरॉइनला ग्राहींवर जागा उरत नाही आणि मात्रा वाढविली तरी श्वसन एका मर्यादेपलीकडे सहसा मंदावत नाही.

नॅन्सी मेलो आणि जॅक मेंडेल्सन या अमेरिकेतील संशोधकांनी १९८० साली असे दाखविले, की रुग्णालयात राहणाऱ्या व्यसनी पुरुषांना हेरॉइन मिळविण्याची मुभा असूनही ब्युप्रेनॉर्फिन घेत असताना ते फारच थोडे हेरॉइन घेतात. १९८३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरील प्रयोगांत तसाच परिणाम नोंदविला. तरफ दाबून अफूवर्गातील द्रव्य घेणाऱ्या माकडांना ब्युप्रेनॉर्फिन दिले असता ती तरफेकडे कमी वळत. पण अन्नासाठीची तरफ मात्र ती दाबीत राहत. हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. औषधाने प्राणी केवळ सुस्त झाला असता, तर त्याने अन्नही सोडले असते. येथे कमी झाली होती ती नशेची ओढ.

परंतु याच संशोधकांनी १९८१ साली आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली होती. शिरेतून ब्युप्रेनॉर्फिन मिळण्याची सोय केली, तर माकडे तेही आपण होऊन घेतात. म्हणजे प्राण्यांची साक्ष दुहेरी होती. हे द्रव्य हेरॉइनची ओढ कमी करते, हे तिचे पहिले वाक्य. आणि शिरेतून मिळाल्यास ते स्वतःच हवेसे वाटते, हे दुसरे.

चेन्नईचा अनुभव

मद्रासच्या रस्त्यांवर जे घडले, ते या दुसऱ्या वाक्याला धरूनच घडले. फरक इतकाच, की माकडाच्या शिरेतील नळी निर्जंतुक होती आणि माणसांच्या हातातील सुई एकमेकांत फिरत होती. ब्युप्रेनॉर्फिनमध्ये डायझेपामसारखी गुंगीची आणि अ‍ॅलर्जीवरील औषधे मिसळून टोचून घेण्याचा प्रघात पडला. श्वसनाच्या बाबतीत जी सुरक्षितता एकट्या ब्युप्रेनॉर्फिनला आहे, ती अशा मिश्रणाला नाही.

या शहराला सुईचा धोका नवा नव्हता. भारतात एचआयव्हीच्या संसर्गाचा पहिला पुरावा १९८६ साली मद्रास मेडिकल कॉलेजमध्येच सापडला होता. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी तो शोधून काढला. डॉ. सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबातील. त्यांनी १९९३ साली आपल्या वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र स्थापन केले. पुढे या केंद्राने चेन्नईतील इंजेक्शनद्वारा नशा करणाऱ्या एक हजाराहून अधिक व्यक्तींचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. एचआयव्ही आणि यकृतदाह या रोगांनी या माणसांना कसे ग्रासले आहे, ते अशा अभ्यासांतून स्पष्ट झाले.

मग ब्युप्रेनॉर्फिन टाकून द्यावयाचे काय? तसे झाले नाही, आणि ते योग्यच झाले. ते देण्याची रीत बदलण्यात आली. जिभेखाली विरघळणारी गोळी, ती कर्मचाऱ्याच्या देखत घेण्याचा नियम आणि सुईऐवजी दवाखान्याशी जोडलेला नित्यक्रम, अशी योजना राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात २००८ च्या सुमारास स्वीकारली गेली. दुसरा उपाय म्हणजे गोळीत नॅलोक्सोन मिसळणे. जिभेखाली नॅलोक्सोनचे शोषण फारच थोडे होते, त्यामुळे ते निरुपद्रवी राहते. परंतु गोळी विरघळवून टोचल्यास ते हेरॉइनवर अवलंबून असलेल्या माणसात वियोगलक्षणे उत्पन्न करू शकते. मॉर्फिनची सवय जडलेल्या उंदराला नॅलोक्सोनची अल्प मात्रा टोचताच तो झटके देऊ लागतो, हे प्रयोगशाळेला पूर्वीपासून ठाऊक होते. हा अडसर अभेद्य नाही. तथापि औषधाचा गैरवापर त्याने अवघड होतो.

साक्षीच्या मर्यादा

प्राण्यांची साक्ष बहुमोल असली, तरी ती सर्व प्रश्नांवर घेता येत नाही. डायसल्फिरम या दारूवरील औषधाचा गुण प्राण्यांमुळे उघडकीस आला नाही. १९४० नंतरच्या दशकात कोपनहेगन येथील दोन संशोधक जंतांवरील औषध म्हणून त्याचा अभ्यास करीत होते. त्यांनी स्वतः ते घेतले आणि नंतर मद्य घेताच त्यांचा जीव घाबरा झाला. त्यावरून हा गुण कळला. याउलट, तणावाशी निगडित असलेल्या मेंदूतील एका ग्राहीस रोखणाऱ्या औषधांनी उंदरांचे मद्यसेवन कमी केले, म्हणून मोठ्या आशेने ती माणसांना देण्यात आली. पण २०१५ आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत मद्याची तलफ कमी करण्यात ती अपयशी ठरली. नाल्ट्रेक्सोनच्या बाबतीत मात्र प्राणी आणि माणूस यांची साक्ष जुळली. अशा द्रव्यांनी प्राण्यांचे मद्यपान घटते असे आढळले, माणसांवर चाचण्या झाल्या आणि १९९४ साली अमेरिकेत दारूच्या व्यसनासाठी त्याला मान्यता मिळाली.

अशी तफावत का पडावी? एक कारण पिंजऱ्यातच आहे. कॅनडातील ब्रूस अलेक्झांडर यांनी १९७० नंतरच्या दशकात उंदरांसाठी सोबती, बोगदे, खेळावयाच्या वस्तू यांनी युक्त असे प्रशस्त आवार बांधले. एकाकी पिंजऱ्यातील उंदरांच्या मानाने तेथील उंदीर मॉर्फिनचे पाणी कमी पीत, असे त्यांनी नोंदविले. इतरांना हे निष्कर्ष सर्वस्वी तसेच मिळाले नाहीत. परंतु त्यातून निघालेला प्रश्न टिकून राहिला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, दुसऱ्या उंदराचा सहवास आणि मादक द्रव्य यांतून निवड करावयास दिली असता उंदरांनी बहुतांशी सहवासच निवडला. ज्या पिंजऱ्यात तरफेखेरीज काहीच नाही, तेथे तरफ दाबली जाते यात नवल कोणते?

व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्यांना हे सत्य वेगळ्या मार्गाने कळले होते. शांती रंगनाथन यांनी १९८० साली मद्रासमध्ये स्थापन केलेल्या टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठानच्या रुग्णालयाने, तसेच १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगणने, औषधाइतकाच भर समुपदेशनावर, कुटुंबीयांवर आणि सहव्यसनींच्या आधारावर दिला. शरीराचा त्रास औषध आवरते. रिकामा झालेला दिवस ते भरून काढू शकत नाही.

प्राण्यांचे ऋण

या ज्ञानाची किंमत कोणी मोजली, हेही विसरता कामा नये. शिरेत नळी, जाणूनबुजून जडविलेले व्यसन, मग त्याचा वियोग आणि बहुधा शेवटी मृत्यू, हा या प्राण्यांचा जीवनक्रम होय. परदेशांतील प्रयोगशाळांना लागणारी ऱ्हीसस माकडे दीर्घकाळ भारतातून जात असत. १९७८ साली भारत सरकारने ही निर्यात बंद केली.

या बाबतीतही चेन्नईचे नाव येते. कलाक्षेत्राच्या संस्थापक रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी खासगी विधेयक मांडले होते. त्या प्रयत्नांची परिणती १९६० च्या कायद्यात झाली आणि १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. या मंडळाचे मुख्यालय अनेक दशके चेन्नईतच होते. त्या कायद्याने प्रयोगांवर बंदी घातली नाही, पण त्यांना मर्यादा घातल्या. १९९८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेला प्राण्यांवरील प्रयोगांसाठी नीतिसमिती नेमावी लागते. माकडांसारख्या मोठ्या प्राण्यांसाठी केंद्रीय समितीची अनुमती लागते. ब्रिटनमधील रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली सांगितलेली तीन तत्त्वे या व्यवस्थेच्या मुळाशी आहेत: शक्य तेथे प्राण्याऐवजी अन्य साधन वापरावे, वापरलाच तर कमीत कमी संख्येने वापरावा आणि त्याला होणारी वेदना कमीत कमी ठेवावी.

या तत्त्वांत आणखी एकाची भर घालावी, असे चेन्नईचा अनुभव सुचवितो. जी साक्ष प्राण्याकडून इतक्या यातना देऊन घेतली, ती पूर्ण वाचावी. ब्युप्रेनॉर्फिन शिरेतून मिळाले तर माकडे ते स्वतः घेतात, हे १९८१ साली छापून आले होते. दहा-पंधरा वर्षांनी मद्रासमध्ये सुया फिरू लागल्या, तेव्हा ती माहिती ग्रंथालयांत होती; औषधविक्रीचे नियम अमलात आणणाऱ्यांपर्यंत आणि दुकानाच्या फळीपर्यंत मात्र ती परिणामकारकपणे पोहोचली नव्हती.