मोबाइलच्या जोडणीवर लॅपटॉप चालविल्यास कंपनीस ते कळते काय?

दुकानातील इंटरनेट ऐन वेळी बंद पडले की आपण खिशातील मोबाइल काढतो, त्याचा हॉटस्पॉट सुरू करतो आणि त्या जोडणीवर लॅपटॉप लावून जीएसटीचे विवरणपत्र भरतो. यास टेदरिंग म्हणतात. याविषयी व्यापारी बंधूंच्या मनात दोन शंका असतात. मोबाइल-कंपनीस हे कळते काय? आणि कळत असल्यास आपला हिशेबही तिच्या दृष्टीस पडतो काय? पहिलीचे उत्तर ‘बहुधा होय’ असे आहे व दुसरीचे ‘सहसा नाही’ असे.

वरवर पाहता हे कळू नये. लॅपटॉपकडून आलेला मजकूर बाहेर धाडताना मोबाइल त्यावर बहुधा स्वतःचाच पत्ता घालतो. आडत्याने दहा शेतकऱ्यांचा माल आपल्या एकट्याच्या नावाने रवाना करावा, तसाच हा प्रकार. तथापि मालावर काही खुणा राहतातच.

त्यांतील एक खूण मोठी मौजेची आहे. इंटरनेटवरील मजकूर लहान लहान पुडक्यांत विभागून जातो व प्रत्येक पुडक्यावर ‘टीटीएल’ नावाचा एक आकडा असतो. वाटेत लागणारा प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. आकडा शून्यावर आला की ते पुडके टाकून दिले जाते. वाट चुकलेली पुडकी जाळ्यात सदैव फिरत राहू नयेत, एवढाच मूळ हेतू. अँड्रॉइड व आयफोन हा आकडा सामान्यतः 64 घालतात, तर विंडोजचा संगणक 128 घालतो. लॅपटॉपचे पुडके मोबाइलमधून जाते तेव्हा मोबाइलच राउटर बनतो व एक वजा करतो. परिणामी कंपनीच्या दारी 64 ऐवजी 127 किंवा 63 हा आकडा येतो. गाडी थेट गोदामातून निघाली असे सांगावे आणि पावतीवर मात्र अगोदरच एका नाक्याचा शिक्का असावा, तशी ही गत! हा आकडा लॅपटॉपवर बदलता येतो, म्हणून जाणत्या कंपन्या त्या एकावरच विसंबत नाहीत. जोडणी मागण्याची प्रत्येक प्रणालीची ढब निराळी असते, तीही पाहतात. मोबाइलवरून विंडोजच्या सुधारणा मागविल्या जाऊ लागल्या, तर निराळा पुरावा कशाला हवा? शिवाय काही कंपन्यांच्या मोबाइलमध्ये टेदरिंगसाठी वेगळीच वाट ठरवून दिलेली असते. तेथे मोबाइल स्वतःच सांगून मोकळा होतो.

आता हिशेबाविषयी. ज्या संकेतस्थळाचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होतो, तेथील मजकूर सांकेतिक रूपात जातो. आपण कोणत्या स्थळी गेलो, केव्हा गेलो व किती डेटा खर्चिला, एवढे कंपनीस सामान्यतः दिसते. विवरणपत्रातील रकमा दिसत नाहीत.

कंपन्यांस ही उठाठेव कशासाठी, ते अमेरिकेतील व्यवहारांवरून उमगते. 2011 साली एटी अँड टी कंपनीने परवानगीविना टेदरिंग करणाऱ्यांस महाग योजनेत घालण्याच्या सूचना धाडल्या. व्हेरायझनने टेदरिंगची ॲप्स दुकानातून हटविण्यास गूगलला सांगितल्याबद्दल तिला 2012 साली साडेबारा लाख डॉलर भरावे लागले. उलट, 2015 साली टी-मोबाइलने ज्या सुमारे 3,000 ग्राहकांविरुद्ध पाऊल उचलले, त्यांतील काही टेदरिंग लपवून महिन्यास 2 टेराबाइटपर्यंत डेटा ओढत होते, असे कंपनीचे म्हणणे होते. युरोपीय न्यायालयाने 2 सप्टेंबर 2021 रोजी व्होडाफोनच्या जर्मनीतील एका योजनेतील टेदरिंगवरील मर्यादा नियमबाह्य ठरविली.

माझ्या मते डेटा मोजून विकला असेल, तर तो कोणत्या यंत्रावर खर्चावा हा ग्राहकाचा प्रश्न; तोलून घेतलेल्या साखरेचा चहा करावा की शिरा, हे वाणी विचारीत नाही. ‘अमर्याद’ म्हणून विकलेल्या मालाची गोष्ट वेगळी. तेथे कंपनीने अट घातली, तर ती सर्वस्वी अन्यायाची म्हणता येत नाही. मात्र ती बारीक अक्षरांत दडवू नये. आपल्याकडे रोज दीड-दोन जीबी अशा मापाच्या योजना पुष्कळ आहेत. त्यांत खरा धोका कंपनीचा नसून लॅपटॉपचाच आहे. तो गुपचूप सुधारणा उतरवून घेतो व दुपारपर्यंत दिवसाचा वाटा संपवितो. विंडोजमध्ये त्या हॉटस्पॉटसाठी ‘मीटर्ड कनेक्शन’ ही सोय चालू केली, की हा खर्च बराच आवरतो.