पॉडकास्टचा पाहुणा आणि आवणीचे दिवस

‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ साली ‘द गार्डियन’ या इंग्रजी वृत्तपत्रातील बेन हॅमर्स्ले यांच्या लेखात आला व पुढे रूढ झाला. शब्द नवा असला तरी त्यामागील काम मराठी माणसाला नवे नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. वक्ता ठरविणे, विषय निश्चित करून घेणे, तारीख कळविणे, ऐनवेळी तो न आल्यास दुसऱ्याची सोय पाहणे, ही कामे आपल्याकडील संयोजक तेव्हापासून करीत आले आहेत. पॉडकास्टवाल्यालाही हेच करावे लागते. फरक पडतो तो पाहुणा कोण, यामुळे. डोळखांब परिसरापुरता या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

उन्हाळ्यात शहरातील वक्ता बहुधा मोकळा असतो. आपल्याकडे त्या सुमारास राब भाजण्याचे काम असते, आणि जुलैत आवणी लागली की घरात माणूस सापडत नाही. मी व माझ्या मित्राने पहिल्या भागासाठी लग्नातील गाणी म्हणणाऱ्या एका आजींना जुलैमधील रविवारची वेळ दिली. ‘दिली’ असेच लिहितो, कारण ती आम्ही विचारली नव्हती. रविवार आम्हांस सुटीचा, एवढेच पाहिले होते. गेलो तर आजी खाचरात. “रोप सुकंल रं पोरांनो, गाणा काय सुकत नाय,” असे म्हणून त्यांनी आम्हांस बांधावरूनच परत पाठविले.

भाद्रपदात त्यांना सवड होती, परंतु पत्र्यावरच्या पावसापुढे आवाज ऐकूच येईना. अखेर शेजारच्या कौलारू घराच्या ओटीवर, उघडीप पाहून, मुद्रण झाले. (फोनला रेंज नसल्याने ‘आता या’ हा निरोप किराणा दुकानातून फिरला!)

मग दिवाळीनंतर, भात घरात आल्यावरच सर्व भाग का करू नयेत? आम्हीही तसेच ठरवीत होतो. परंतु त्या वेळी पुष्कळशी कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात, ती परततात पावसाळ्याच्या तोंडावर. आमच्या सोयीच्या हिवाळ्यातच सारे उरकले, तर डोळखांबच्या पॉडकास्टमध्ये कातकरी पाहुणा येणारच नाही, आणि ही उणीव ऐकणाऱ्याच्या ध्यानातही यावयाची नाही. भट्टीवर जाऊन मुद्रण करावे, तर तेथे मजुरी हजार विटांच्या हिशेबाने मिळते. तासभर बोलणे म्हणजे तितक्या विटा कमी. तेव्हा मानधन आधी ठरवून हातात द्यावे. शाल-श्रीफळाने ती मजुरी भरून निघत नाही.

आणखी एक गोष्ट. व्याख्यात्याला श्रोते समोर दिसतात, पॉडकास्टच्या पाहुण्याला ते दिसत नाहीत. आपले बोलणे मुंबईतील नातलगांच्या आणि अगदी अनोळखी माणसाच्याही फोनवर जाईल, हे त्याला मुद्रणापूर्वीच सांगावे, व प्रसारणापूर्वी सारे ऐकवावे. आजींना ऐकविले तेव्हा व्याह्यांची थट्टा करणारे एक गाणे त्यांनी काढून टाकावयास सांगितले. लग्नघरात ते चालते, फोनवर नको, असे त्यांचे म्हणणे. त्या भागातील ते सर्वांत रंगलेले गाणे होते. मित्र माझ्याशी दोन दिवस वाद घालीत होता.

गाणे काढले. पुढील मुद्रणाची वेळ आता आजींनीच कळविली आहे : हळवे भात झोडून झाल्यावर.