लॅब्रॅडॉरचा विमा काढावा का?

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर दोन वर्षांचा आहे. विम्याचा हप्ता दरवर्षी भरणं परवडण्यासारखं आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : हप्त्याच्या आकड्याआधी पॉलिसीतलं 'काय मिळणार नाही' हे पान वाचा. लसीकरण, जंतनाशक, दात साफ करणं हे नेहमीचे खर्च बहुतेक पॉलिसींत नसतात. आधीपासूनचे आजारही वगळलेले असतात. लॅब्रॅडॉरमध्ये आनुवंशिकतेने येणारा खुब्याच्या सांध्याचा दोष बराच दिसतो, तो तुमच्या पॉलिसीत बसतो का, हे लेखी विचारून घ्या. 'हो हो, सगळं मिळतं' या एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

विम्याचा खरा उपयोग अचानक येणाऱ्या मोठ्या खर्चात होतो. ही जात खादाड. आंब्याची कोय किंवा मोजा गिळला आणि तो आतड्यात अडकला, तर सोनोग्राफी, शस्त्रक्रिया, सलाईन, चार दिवस दवाखाना असं बिल वाढत जातं. असं बिल तुम्हाला जड जाणार असेल तर विमा जरूर घ्या, आणि आत्ताच घ्या. वय वाढलं की नवी पॉलिसी मिळणं कठीण होतं.

खर्च पेलण्याइतकी शिल्लक असेल तर वर्षाच्या हप्त्याएवढी रक्कम बारा समान भागांत दरमहा आवर्ती ठेवीत टाका. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही तुम्हाला जवळ आहे.

कोणताही मार्ग निवडा, पण मायक्रोचिप बसवून घ्या आणि लसीकरणाचं कार्ड जपून ठेवा. लस चुकली असेल तर त्याच आजाराचा दावा कंपनी नाकारू शकते.