कचेरीतील ताण : मोठा किती, आपल्या हातातला किती?

कारकून असो, मुनीम असो की संगणकावर बिले करणारा कर्मचारी, संध्याकाळी घरी परतताना डोके जड झालेले असते. "दिवसभर खुर्चीवर बसून कसला थकवा?" असे घरचे विचारतात. या प्रश्नाचे उत्तर समजून घेऊ या.

शरीर फरक करीत नाही

धोका दिसताच शरीरात अॅड्रेनॅलिन सुटते. छातीचे ठोके वाढतात, स्नायू ताठ होतात. ही पळण्याची किंवा झुंजण्याची तयारी असते. चंद्रपूर जिल्ह्यातील जंगलात ती खरोखरच लागते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. पण साहेबांचे बोलावणे आले तरी शरीर तीच तयारी करते. खुर्चीवरून पळता येत नाही की झुंजता येत नाही. रोजची ही तयारी वाया जाते आणि थकवा उरतो.

म्हणून "त्या बायांपेक्षा तुझे बरे आहे" असे म्हणून कोणाला गप्प बसवू नये. ब्रिटनमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांचा मोठा अभ्यास झाला. त्यात सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांच्या मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट आढळले. धूम्रपानासारख्या सवयी हे त्याचे एक कारण होते, पण तेवढ्याने सगळा फरक भरून निघाला नाही. १९८५ पासूनच्या दुसऱ्या अभ्यासात दिसले की, ज्यांना आपल्या कामावर फारसा ताबा नसतो, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त असतो. कामाच्या ओझ्याइतकाच ताबा नसणे हाही ताणाचा भाग आहे.

फळीवरचा मुन्शी

तेंदूच्या हंगामात फळीवरच्या मुन्शीची परीक्षा असते. ७० पानांचा एक पुडका आणि १,००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी, असा हिशेब असतो. संध्याकाळी मजुरांची रांग लागते. वर ढग दाटले, तर वाळत घातलेली पाने भिजण्याची धास्ती. पाऊस मुन्शीच्या हातात नाही. पुडके नीट मोजणे, नोंद त्याच दिवशी करणे आणि झाकण्याची सोय आधी ठेवणे मात्र त्याच्या हातात आहे. आभाळाकडे पाहत बसणारा मुन्शी मोजणीतही चुकतो, आणि ती चूक मजुराच्या मजुरीत उतरते.

मेंढा-लेखाचा धडा

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू बाहेर नेण्याच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले ते २७ एप्रिल २०११ रोजी. मधल्या काळात कचेरीचा निर्णय गावाच्या हातात नव्हता. अभ्यासगट चालवणे, कायदा समजून घेणे आणि सर्वसहमतीने ठराव करणे हे हातात होते. गावाने ते सोडले नाही.

यात टेबलापलीकडच्या माणसासाठीही एक गोष्ट आहे. आपल्याला जी "आणखी एक फाईल" वाटते, ती कोणाच्या तरी वर्षाच्या कमाईची असते. हे लक्षात राहिले की कोणते काम आधी घ्यायचे, ते आपोआप ठरते.

उद्यापासून काय करावे?

१. सकाळी कागदावर दोन रकाने आखा : "माझ्या हातात" आणि "दुसऱ्याच्या हातात". पहिल्या रकान्यातले काम सुरू करा. दुसऱ्यातल्या गोष्टीची एकदा लेखी आठवण द्या व तारीख टिपून ठेवा.

२. प्रत्येक चिंतेला विचारा : वर्षभराने ही आठवेल का? आठवणार असेल, तर तिला आज वेळ द्या.

३. मार्चअखेरची कामे फेब्रुवारीतच वाटून घ्या.

४. दुपारी दहा मिनिटे चाला. शरीराने केलेली तयारी तेथे खर्ची पडते.

५. अडचण एका विश्वासू सहकाऱ्याला सांगा.

मालक व अधिकाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे की, कामाचा क्रम ठरवण्याची मोकळीक देण्यास पैसा लागत नाही. पण झोप उडाली, छातीत दुखू लागले किंवा आठवडेच्या आठवडे मन उदास राहिले, तर रकाने आखत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.