आधी डोळे तपासा, मग क्लास लावा

आयटीआयचा निकाल लागला की अनेक घरांत सहाय्यक लोको पायलटच्या परीक्षेची बोलणी सुरू होतात आणि पाठोपाठ क्लासची फीही भरली जाते. या नोकरीचा खरा कस इंजिन हाकण्यापेक्षा दिवे वाचण्यात लागतो, हे मात्र कुणी सांगत नाही. इंजिनाच्या तोंडावर हेडलाइटखेरीज पिवळसर रंगाचा एक छोटा दिवा असतो, फ्लॅशर. एरवी तो बंद. गाडी घसरली, मधूनच तुटली किंवा कुणी साखळी ओढली आणि ब्रेक पाइपातला दाब अचानक उतरला, की तो लुकलुकू लागतो. काही इंजिनांत आपोआप, नाहीतर पायलट तो लावतो. त्याचा इशारा असतो शेजारच्या रुळावरून समोरून येणाऱ्या गाडीला. 26 नोव्हेंबर 1998 रोजी पंजाबात खन्नाजवळ घसरलेल्या गोल्डन टेंपल मेलचे डबे लगतच्या रुळावर गेले आणि त्यांवर सियालदह एक्स्प्रेस आदळली. दोनशेहून अधिक माणसे दगावली. हा दिवा अशीच दुसरी धडक टाळण्यासाठी आहे. रात्रीची वेळ असेल तर पायलटने हेडलाइट मालवायचा, म्हणजे त्याच्या झोतात फ्लॅशर हरवत नाही. त्यानंतर लाल दिवा आणि डिटोनेटर, म्हणजे चाकाखाली फुटून इशारा देणारे फटाके, घेऊन अंधारात रुळांवरून पुढे चालत जायचे: ब्रॉडगेजवर 600 मीटरवर एक डिटोनेटर, 1200 मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन. हे काम बहुधा सहाय्यकाच्याच वाट्याला येते.

दिवा असूनही अपघात होतातच, मग त्याचे एवढे कौतुक कशाला, असे कुणी विचारेल. जानेवारी 2025 मध्ये जळगाव जिल्ह्यात पुष्पक एक्स्प्रेसमधून आगीच्या अफवेने उतरलेल्या प्रवाशांना कर्नाटक एक्स्प्रेसने उडवले. पुष्पकचा फ्लॅशर चालू होता आणि तो दिसताच समोरच्या पायलटने ब्रेक लावले, असे रेल्वे अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितले होते. पण तिथे रुळांना वळण होते. शंभराच्या वेगातली एक्स्प्रेस थांबायला कित्येकशे मीटर लागतात. म्हणजे दिवा निरुपयोगी ठरत नाही, उलट तो एक सेकंद आधी दिसण्याची किंमत कळते. दुसरा आक्षेप ‘कवच’ या रेल्वेच्या स्वयंचलित सुरक्षा यंत्रणेचा. संकटातली गाडी आसपासच्या गाड्यांना आपोआप इशारा देईल, मग डोळ्यांचे काय काम? पण त्यासाठी मार्गावर आणि दोन्ही इंजिनांत ती यंत्रणा बसलेली हवी, आणि देशातला बराचसा मार्ग अजून तिच्याविना आहे. शिवाय रुळावर पडलेले झाड किंवा भरकटलेले जनावर कवचला दिसत नाही.

म्हणूनच या पदाला ए-1 ही सर्वांत कडक वैद्यकीय श्रेणी लावतात: चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांना 6/6 दृष्टी, निर्दोष रंगदृष्टी, रात्री नीट दिसणे. लेझर करून चष्मा घालवू, ही पालकांची आवडती तोड इथे चालत नाही. लॅसिक झालेला उमेदवार अपात्र ठरतो. आणि ही तपासणी येते सर्वांत शेवटी, संगणकावरच्या दोन परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी पार पडल्यावर. त्या चाचणीत प्रत्येक भागात किमान 42 गुण लागतात, कोणत्याही प्रवर्गाला सूट नाही. दोन वर्षे घासून शेवटच्या दारात ‘अनफिट’ शिक्का बसण्यापेक्षा आजच नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन रंगीत ठिपक्यांतला आकडा मुलाला वाचता येतो का, ते पाहावे. अनेक मुलांना आपला रंगदोष ठाऊकच नसतो.

दोष निघाला तर रेल्वेचे दार बंद झाले असे समजू नये. फिटर, इलेक्ट्रिशियन झालेल्यांना मध्य रेल्वेत अप्रेंटिसशिप मिळते, आणि कल्याण, भुसावळ, अजनीच्या लोको शेडमध्ये तंत्रज्ञ लागतात. त्या पदांचे दृष्टीचे निकष पायलटइतके कडक नसतात; पण ते पदागणिक बदलतात, तेव्हा जाहिरातीतला वैद्यकीय श्रेणीचा रकाना पाहूनच अर्ज भरावा.