आकडा कमी, धोका अधिक

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर डायलिसिस यंत्राच्या अर्धपार्य पटलातून युरिया व क्रिएटिनिन विसरणाने रक्ताबाहेर जातात. युरियाचा रेणुभार ६०, तर अल्ब्युमिन या प्रथिनाचा सुमारे ६६,५००. म्हणून ते रक्तातच राहते.

मग डायलिसिसपूर्वी क्रिएटिनिन जितके कमी, तितका रुग्ण सुरक्षित का? नाही! १९९० साली लॉरी व ल्यू यांनी अमेरिकेतील बारा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. तेव्हा क्रिएटिनिन कमी असलेल्यांत मृत्यूचा धोका अधिक आढळला. कारण क्रिएटिनिन स्नायूंत तयार होते. स्नायू झिजले की तेही घटते.

सर्वांत ठळक सूचक ठरले ते अल्ब्युमिन. १०० मिलिलिटर रक्तद्रवात ते ४ ग्रॅमांहून जसजसे घटते, तसतसा धोका वाढतो. कुपोषण किंवा शरीरातील दाह यांमुळे ते घटते. म्हणजे सूचक हे रोगाचे कारण नव्हे. कारण शोधावेच लागते.